परखी

परखी म्हणजे पोकळ, टोकदार नळी.
पोत्याच्या कुशीत खुपसायची, किंचित कलती करायची,
मूठभर माल तळहातावर घरंगळतो.
भोक राहत नाही.
तागाचे धागे बाजूला सरतात
आणि परखी काढली की पुन्हा जवळ येतात,
जणू कुणी काही विचारलंच नव्हतं.
सातपूरच्या डाळमिलमध्ये सव्वीस वर्षं मी हेच करतो.

मला उडदाचं विचारा.
दाणा केवढा, किडका किती, खडा किती,
ओलावा अकरा की बारा.
बाराच्या वर काटा गेला की शेठ म्हणतात,
खैरनार, कुठेतरी पाणी मुरतंय.
माल ब्रह्मदेशाचा, हे पोत्यावर छापलेलं असतं.
तिथे रात्री कोण कुणाला उचलून नेतं
ते छापत नाहीत.

मला ते कळलं दाखल्यावरून.
बंदराच्या कागदावर पूर्वी एका कारकुनाची सही यायची,
वळणदार, लांब शेपटीची,
पोस्टकार्डावर शोभावी अशी.
मग एका खेपेला सही नव्हती. शिक्का होता.
शिक्क्यात हुद्दा: मेजर.
तेव्हापासून शिक्काच येतो.
कारकुनाचं काय झालं
हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही.

शेठ म्हणाले, आपण बंदुका घेतो का? उडीद घेतो.
गादीवर कुणी का बसेना, पेरणारा पेरतोच.
आपण सोडलं तर धुळ्याचा घेईल,
आणि पंचवटीतल्या बाया पापड कशाचे लाटतील?
आपला काय पापड मोडला, खैरनार?

शेठ वाईट नाहीत.
माझ्या वृंदाच्या हृदयाला भोक होतं,
ऑपरेशनचे पैसे त्यांनी दिले, कधी काढले नाहीत.
त्यात उडदाचे किती, शिक्क्याचे किती,
ते परखी लावून कळत नाही.
वृंदा आता जिना न थांबता चढते.
मी खाली उभा राहून पायऱ्या मोजतो.

आणि शेठचं खोटंही नाही.
तिकडचा पेरणारा उडीद कुणाला विकणार?
मी नाही म्हटलं तर आधी त्याची चूल विझेल,
मेजरची शेवटी. बहुतेक विझणारच नाही.
हे मी रात्री स्वतःला सांगतो,
आणि फार पटकन पटतं,
म्हणून पुन्हा उठून बसतो.

आमचा कांदा सरकारने अडवला
तेव्हा मीही चांदवडला रस्त्यावर बसलो होतो, मेव्हण्याच्या बाजूने.
दुपारी पोलिसांनी गाडीत घातलं,
संध्याकाळी चहा पाजून सोडलं.
परतताना आम्ही गाडीत गाणी म्हटली.
तिकडे बसलेले संध्याकाळी परत येतात का
हे मला माहीत नाही.
माहीत नाही, हे वाक्य मी जपून वापरतो.
स्वस्त पडतं.

परवा एका पोत्याची शिवण सुटेना.
एक टोक ओढलं की सरसर उसवायला हवी.
बेंडकुळे जुना हमाल, त्याने हे टोक ओढलं, ते ओढलं,
थुंकी लावली, शिवी दिली,
मग पोतं वळवून उलट्या हाताने धरलं
आणि म्हणाला, डावखुऱ्यानं शिवलंय.
शिवण हलकेच मोकळी झाली.
तो हसला. म्हणाला, चला, गाठ पडली म्हणायची.
दोरा त्याने गुंडाळून कानावर ठेवला, बिडीसारखा.

मी परखी लावली. अकरा पूर्णांक दोन. पास.
रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो,
सव्वीस वर्षं तिथे मी ‘ठीक’ लिहितो.
त्या पोत्यापुढे लिहिलं: डावखुरा.
शेठनी चष्मा वर करून विचारलं, ही कुठली प्रत?
मला सांगता आलं नाही.
त्यांनी खोडलं नाही.
बाहेर गाडी लागली होती,
भरायला घेतली.